कुणी ऐकलंच नाही तर?

मार्च महिन्यात एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. तो संगीत करतो. घरीच, एका जुन्या लॅपटॉपवर आणि उसन्या माइकवर. नऊ मिनिटांची रचना होती आणि व्ह्यूज होते ४३. मी लिंक उघडली, वीसेक सेकंद ऐकलं, तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि मग ते राहून गेलं. रात्री आठवण झाली तेव्हा न ऐकताच अंगठा पाठवला. वर एक वाक्यही लिहिलं, ‘करत राहा रे, आज ना उद्या लोकांना कळेलच.’

तेव्हा ते वाक्य मला चांगुलपणाचं वाटलं होतं. काही आठवड्यांनी रूड लांगगॉर्ड नावाचा माणूस माझ्या कानात शिरला आणि मग ते वाक्य मला टोचायला लागलं.

लांगगॉर्ड हा डेन्मार्कचा संगीतकार. जन्म १८९३, मृत्यू १९५२. सोळा सिंफनी, एक ऑपेरा, तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी, पियानोसाठी, ऑर्गनसाठी रचना, शिवाय गाणी. सगळं मिळून चारशेहून जास्त कृती. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणाऱ्यांनाही हे नाव सहसा माहीत नसतं. उत्तर युरोप म्हटलं की नॉर्वेचा ग्रीग आणि फिनलंडचा सिबेलियस, इथेच बहुतेकांची गाडी थांबते.

मला तो भेटला त्याच्या सगळ्यात विचित्र रचनेतून. १९४८ सालची ही रचना गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठी आहे. तिचं शीर्षक ‘कार्ल नील्सन, आमचा थोर संगीतकार’. आणि गाण्याचे शब्दही तेवढेच. शीर्षक हेच गाणं. संगीत भव्य आहे, एखाद्या सरकारी सोहळ्यात शोभेल असं. स्वरलिपीतली सूचना अशी की, हे अनंतकाळ पुन्हा पुन्हा वाजवावं.

कार्ल नील्सन हा डेन्मार्कचा खरोखरच सर्वांत मोठा संगीतकार मानला जातो. तो १९३१ मध्येच वारला होता. त्यानंतर सतरा वर्षांनी, देशाच्या एका टोकाच्या गावात ऑर्गन वाजवणारा चौपन्न-पंचावन्न वर्षांचा एक माणूस बसून हे लिहितो. ही स्तुती आहे, टोमणा आहे, की किंकाळी? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा ऐकताना हसू आलं नाही.

*

हा माणूस सुरुवातीपासून उपेक्षित नव्हता. उलट त्याची सुरुवात इतकी झगझगीत होती की पुढचा अंधार जास्तच गडद वाटतो.

वडील सीगफ्रीड लांगगॉर्ड पियानोवादक, लिस्टचे शिष्य. आई एमाही पियानो वाजवायची. घरात संगीताइतकीच अध्यात्माची, थिऑसॉफीची हवा. संगीत ही करमणूक नव्हे, ते जगाला बदलणारं दैवी बळ आहे, असं मानणारं हे घर. मुलाने १९०५ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, कोपनहेगनमध्ये ऑर्गनवादक म्हणून पहिला जाहीर कार्यक्रम केला. श्रोत्यांत खुद्द ग्रीग होता. त्याने मुलाच्या आईवडिलांना कौतुकाचं पत्र लिहिलं.

१० एप्रिल १९१३ रोजी बर्लिन फिलहार्मोनिकने माक्स फीडलरच्या संचालनाखाली त्याची पहिली सिंफनी वाजवली. तासाभराची, प्रचंड ऑर्केस्ट्रा लागणारी कृती. लांगगॉर्ड तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. जगातल्या सर्वोत्तम वाद्यवृंदांपैकी एक, भरलेलं सभागृह, टाळ्या. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि पहिलं महायुद्धही सुरू झालं.

मग काय झालं? एका वाक्यात सांगता येईल असं काहीच झालं नाही. महायुद्धानंतर युरोपची आवड बदलली. धूपाच्या वासाचं, आकाशाकडे हात पसरलेलं भव्य संगीत लोकांना जुनाट वाटायला लागलं. कोपनहेगनमध्ये नील्सनचा प्रभाव वाढला. त्याचं संगीत काटक, मातीत पाय रोवलेलं, पाल्हाळ न लावणारं. तरुण संगीतकार त्याच्या वाटेने निघाले. लांगगॉर्डला ती वाट मान्य नव्हती आणि नील्सनच्या दबदब्याबद्दलचा राग त्याने लपवलाही नाही. जुळवून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चर्चमध्ये ऑर्गनवादकाची कायमची जागा मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. शेवटी १९४० मध्ये, सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याला रीबे या गावच्या कॅथीड्रलमध्ये नोकरी मिळाली. रीबे हे डेन्मार्कचं सर्वांत जुनं गाव. सुंदर आहे, पण राजधानीपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. उरलेली बारा वर्षं तो तिथेच राहिला आणि तिथेच वारला.

त्याचं काही कधी वाजलंच नाही असं नाही. अधूनमधून डॅनिश रेडिओवर काही वाजायचं. पण बहुतेक मोठ्या कृती कपाटातच राहिल्या.

*

त्या कपाटातली एक कृती म्हणजे ‘गोलकांचं संगीत’. ग्रहगोल फिरताना एक नाद निर्माण होतो, ही ग्रीकांची जुनी कल्पना. शीर्षक तिथून आलेलं. लांगगॉर्डने ती १९१६ ते १९१८ या काळात लिहिली, म्हणजे विशीच्या पहिल्या अर्ध्यातच. मोठा ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, ऑर्गन, आणि शिवाय मुख्य मंचापासून दूर बसवलेला दुसरा छोटा ऑर्केस्ट्रा व त्याच्यासोबत एक गायिका. साधारण पस्तीस मिनिटं.

ती ऐकताना एक गोष्ट लगेच जाणवते. इथे धून पुढे जात नाही. सिंफनी म्हटलं की आपण गोष्टीची अपेक्षा करतो: एक सूर येतो, वाढतो, संघर्ष होतो, शेवट होतो. इथे तसं नाही. तंतुवाद्यांचा एक झिरमिरता पडदा येतो आणि लटकत राहतो. ड्रमची दूरवरून आल्यासारखी गुरगुर. एक वादक पियानोच्या पट्ट्यांना हात न लावता आत वाकून थेट तारांवरून बोटं फिरवतो. सूर म्हणजे चालत जाणारा माणूस न राहता हवामान होतं. पहिल्या भागाचं शीर्षक फुलांनी सजवलेल्या शवपेटीवर पडलेल्या सूर्यकिरणांबद्दल आहे, आणि ऐकताना ते शीर्षक अतिशयोक्त वाटत नाही.

ही कृती नोव्हेंबर १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूह इथे वाजली. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये. त्यानंतर लांगगॉर्ड जिवंत असेपर्यंत ती कुठेही वाजली नाही. त्याच्या स्वतःच्या देशात तर त्याला ती एकदाही ऐकायला मिळाली नाही.

मग १९६८ साल उजाडतं. रोमानियात जन्मलेला हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी तेव्हा प्रायोगिक संगीतातलं मोठं नाव होतं. त्याच वर्षी आलेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या सिनेमात त्याचं संगीत वापरलेलं आहे, अवकाशातल्या त्या अंगावर काटा आणणाऱ्या स्वरढगांचा जनक तो. लिगेटी नव्या नॉर्डिक रचना निवडण्याच्या कामासाठी आला होता. डॅनिश संगीतकार पेर नर्गॉर्डने त्याच्यासमोरच्या नव्या रचनांच्या गठ्ठ्यात गुपचूप ‘गोलकांचं संगीत’ची स्वरलिपी सरकवली. लिगेटीने ती पाहिली आणि थक्क झाला. आपण स्वतः शोधलं असं जे त्याला वाटत होतं, ते कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. आपण लांगगॉर्डचे अनुयायी आहोत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, अशा अर्थाचं तो गमतीने बोलल्याचं सांगतात. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ही कृती पुन्हा वाजली. मधे सेहेचाळीस वर्षं गेली होती, आणि लांगगॉर्डला जाऊन सोळा.

*

इथे थांबलो तर एक छान गोष्ट तयार होते. प्रतिभावान माणूस, आंधळा समाज, उशिरा झालेला न्याय. रील करायला एकदम योग्य. ‘काळाच्या पुढे असलेला संगीतकार’ असं कॅप्शन टाकलं की झालं.

पण या गोष्टीत तीन गडबडी आहेत.

पहिली, लांगगॉर्ड ‘काळाच्या पुढे’ फार काळ राहिलाच नाही. १९२०च्या दशकाच्या मध्यावर त्याने स्वतःहून पाठ फिरवली. प्रयोग सोडले आणि एकोणिसाव्या शतकातल्या, नील्स गेड यांच्यासारख्यांच्या रोमँटिक संगीताला आदर्श मानून तो मागे वळला. म्हणजे जगाला त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला हे अर्धंच खरं. जग पोचलं तेव्हा तो तिथून निघून गेलेला होता. लिगेटीला जो लांगगॉर्ड सापडला, तो लांगगॉर्डने स्वतःच मागे टाकलेला लांगगॉर्ड होता.

मग आपण ‘पुनर्शोध’ म्हणतो तेव्हा नेमकं काय शोधतो? मला वाटतं, बहुतेक वेळा आपण आरसा शोधतो. १९६८च्या कानांना १९६८सारखं वाजणारं काहीतरी १९१८ मध्ये सापडलं, म्हणून ते थोर ठरलं. त्याच माणसाच्या नंतरच्या, जुन्या वळणाच्या सिंफनींबद्दल तेवढा गहिवर कुणाला आला नाही. उपेक्षिताचा शोध घेतानाही आपण आपल्याला आवडेल तेवढाच तुकडा कापून घेतो. उरलेला माणूस पुन्हा उपेक्षित राहतो, फक्त यावेळी कौतुकाच्या आवाजात.

दुसरी गडबड, या गोष्टीला खलनायक लागतो आणि तो सापडत नाही. नील्सनने त्याचं काही चोरलं नाही. नील्सनची चौथी आणि पाचवी सिंफनी ऐका. त्या माणसाचं मोठेपण कटकारस्थानाने आलेलं नाही. डेन्मार्क तेव्हा तीसेक लाख लोकांचा देश होता. मोजके वाद्यवृंद, मोजक्या नोकऱ्या, वर्षाला मोजक्या मैफली. एक सिंफनी वाजली की दुसरीची संध्याकाळ गेली. लोकांचं लक्ष हे पाण्यासारखं आहे. एका शेताला सोडलं की दुसऱ्याचा वाटा कमी होतो, आणि त्यात पहिल्या शेतकऱ्याने चोरी केलेली नसते.

गुन्हेगार नसलेला अन्याय पचवायला फार कठीण असतो. रागाला जागा मिळत नाही. मग माणूस एकच वाक्य अनंतकाळ गात राहायला सांगतो.

आणि इथे आपलीही एक खोड दिसते. आपल्याला उपेक्षित माणूस सोशिक हवा असतो. तो कोपऱ्यात बसून निष्ठेने साधना करत असावा, त्याने तक्रार करू नये, म्हणजे पुढे त्याला हार घालताना आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही. लांगगॉर्ड तसा नव्हता. तो चिडका होता, भांडकुदळ होता, स्वतःबद्दलच्या त्याच्या कल्पना अवाढव्य होत्या. जगाचा अंत, ख्रिस्त आणि ख्रिस्तविरोधक यांच्या झुंजीबद्दल तो इतक्या तळमळीने लिहायचा की आजूबाजूचे लोक कंटाळत असणार. पण कडवट माणसाचं संगीत ऐकायचं नाही असा नियम असता, तर उपेक्षेने कडवट झालेल्या प्रत्येकाला ती उपेक्षा कायमची चिकटली असती.

*

तिसरी गडबड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘काळ न्याय करतो’ असं आपण म्हणतो. माझं मित्राला पाठवलेलं वाक्य त्याचंच धाकटं भावंड होतं.

आपल्याकडे इंद्रायणीची गोष्ट लहानपणापासून कानावर असते. तुकोबांच्या वह्या डोहात बुडवल्या आणि त्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यातून आपण एक आळशी अर्थ काढून ठेवलाय, की जे अस्सल आहे ते आपोआप तरतं. त्याच परंपरेत दुसरीही आठवण सांगतात. अभंग लोकांच्या तोंडी होते, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते लिहून ठेवले. म्हणजे वह्या तरण्यामागे माणसंही होती. पाठ करणारी, उतरवून घेणारी, जपणारी.

लांगगॉर्डच्या बाबतीत ती माणसं एकेक मोजता येतात. १९२७ मध्ये त्याने कॉन्स्टान्स टेटेन्सशी लग्न केलं. नवरा गेल्यावर कुणालाच नको असलेल्या स्वरलिपींचे गठ्ठे तिने टाकून दिले नाहीत. पुढे ते कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत पोचले. नर्गॉर्डने ती एक स्वरलिपी लिगेटीच्या गठ्ठ्यात सरकवली. बेंट व्हीनहोल्ट नील्सन नावाच्या अभ्यासकाने (आडनाव नील्सनच, काय गंमत आहे पाहा) सगळ्या कृतींची सूची तयार केली. ती १९९१ मध्ये आली. संचालक थॉमस डाउसगॉर्डने डॅनिश राष्ट्रीय वाद्यवृंदाकडून सोळाच्या सोळा सिंफनी वाजवून ध्वनिमुद्रित करून घेतल्या. यातला एकही माणूस म्हणजे ‘काळ’ नव्हे. प्रत्येकाने एका विशिष्ट दिवशी, दुसरं काहीतरी करता आलं असतं तेव्हा, हे केलं.

आणि यांतली एक कडी निसटली असती तर? एखादी घाईची घरसफाई, एखादा ओला पावसाळी माळा. मग आज आपण म्हणालो असतो, त्या काळी डेन्मार्कमध्ये नील्सनच्या तोडीचं वेगळं काही लिहिलं गेलं नाही. आणि तेही तितक्याच ठामपणे म्हणालो असतो. जे तरलं त्यावरून आपण ठरवतो की अस्सल तेच तरतं. जे बुडालं त्याचा हिशेब आपल्याकडे असूच शकत नाही.

म्हणून ‘आज ना उद्या कळेल’ हे वाक्य खोटं आहे. ते निर्दयही आहे, कारण ते म्हणणारा स्वतःची जबाबदारी ‘उद्या’वर ढकलून मोकळा होतो.

*

तरीही एक प्रश्न उरतो. समजा, आज आपण लांगगॉर्ड ऐकला. त्याने त्याला काय मिळालं? रीबेतल्या त्या माणसाची एकही संध्याकाळ त्यामुळे हलकी होणार नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, सुरुवातीच्याच भागात, हा प्रश्न जवळपास असाच विचारलाय. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं जे बरंवाईट होतं, त्याने मेलेल्याच्या सुखात काही फरक पडतो का? त्याचं उत्तर सावध आहे. पोचत असेलच काही तर ते फार क्षीण असणार. सुखी माणसाला दुःखी किंवा दुःखी माणसाला सुखी करण्याइतकं नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. मेलेल्यांना न्याय देता येत नाही. मैफली, पुतळे, महोत्सव, सगळं जिवंतांसाठी असतं.

म्हणजे लांगगॉर्डचं आपण काही देणं लागत नाही का? मला वाटतं, लागतो, पण ते फेडायचं ठिकाण वेगळं आहे.

त्याच्या ऑपेराचं उदाहरण घेऊ. ‘अँटिक्राइस्ट’ त्याने १९२१ ते १९२३ मध्ये लिहिला. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरने तो नाकारला. संहिता कळण्याजोगी नाही, नाट्य नाही, अशा आक्षेपांपुढे संगीताचं काही चाललं नाही. त्याने तो पुन्हा लिहून काढला. तरी रंगमंच मिळाला नाही. पहिला मंचीय प्रयोग झाला १९९९ मध्ये, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये. २०२२ मध्ये बर्लिनच्या डॉइच ओपेराने तो केला. आता, नाकारणाऱ्यांची चूक होती का? संहिता खरंच दुर्बोध आहे. आजही ती वाचून डोकं धरावं लागतं. नाकारणं हे पाप नाही. नाट्यगृहाला, संपादकाला, परीक्षकाला नाकारावंच लागतं. मला पाप वाटतं ते दुसरं काहीतरी: नाव पाहून, मागचं वैर आठवून, सगळ्यांनाच तो चक्रम वाटतो म्हणून, आत न शिरता दिलेला नकार. आणि त्याचाच जुळा भाऊ म्हणजे आत न शिरता दिलेली शाबासकी. माझा अंगठा.

सगळ्यांनी सगळं ऐकावं हे अशक्य आहे. कुणाचंही संगीत ऐकलं जाण्याचा ‘हक्क’ आहे असं म्हणणंही मला जमत नाही. तसं म्हटलं तर बाकीच्यांची आयुष्यं कर्जात बुडतील. पण कुणी विश्वासाने काही आपल्या हातात ठेवलं, आणि आपण हो म्हणालो, तर निदान एकदा ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणं एवढं आपण लागतो. आवडलंच पाहिजे असं नाही. ‘ऐकलं, नाही पोचलं’ हे उत्तर दुखतं, पण ते उत्तर आहे. लांगगॉर्डला अनेक वर्षं जे मिळालं, ती नुसती शांतता होती. शांततेशी भांडता येत नाही, तिच्याकडून शिकता येत नाही, तिला चूकही ठरवता येत नाही.

त्याची अकरावी सिंफनी याच काळातली, १९४४-४५ची. नाव ‘इक्सियन’. ग्रीक पुराणात देवांनी इक्सियनला एका जळत्या, सतत फिरणाऱ्या चाकाला बांधलं होतं. जेमतेम सहा मिनिटांची ही सिंफनी एकच वॉल्ट्झसारखी धून हट्टाने फिरवत राहते. शेवटी नेहमीच्या ऑर्केस्ट्रात चार जादा ट्यूबा घुसतात आणि सगळं दणाणून जातं. मी ती बसमध्ये इअरफोनवर ऐकली. ही कृती थोर आहे की वेडपट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एवढं कळतं की ही लिहिणारा माणूस कुणीतरी उत्तर देईल याची वाट पाहून थकला होता, आणि तरी लिहीत होता. त्यानंतरही त्याने पाच सिंफनी पूर्ण केल्या.

यात प्रेरणादायी काही शोधू नका. ‘फळाची अपेक्षा न धरता’ वगैरे तर नकोच. त्याला फळ हवं होतं, अगदी ढळढळीत हवं होतं. मिळालं नाही, आणि हात थांबले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या.

*

ऐकायचं असेल तर एक क्रम सुचवतो. आधी ‘इक्सियन’, कारण सहा मिनिटं कुणाकडेही असतात. मग एखाद्या रात्री, फोनवरची बाकी सगळी नोटिफिकेशन्स बंद करून, ‘गोलकांचं संगीत’. शक्यतो हेडफोनवर, कारण दूरच्या ऑर्केस्ट्राचं दूर असणं स्पीकरवर हरवतं. ते आवडलं तर लगेच पहिली सिंफनी ऐका, जी अजिबात आधुनिक नाही. तासभर लागेल. मधे कंटाळा येईल. येऊ दे. आवडलेल्या तुकड्याबरोबर न आवडलेला माणूसही थोडा ऐकून घ्यायचा, एवढाच त्यामागचा हेतू.

मी हे सगळं ऐकून झाल्यावर एका रविवारी मित्राची ती लिंक पुन्हा उघडली. नऊ मिनिटं, खुर्चीत बसून. पहिली चार मिनिटं मला लांबलेली वाटली. साडेसहाव्या मिनिटाला मात्र पेटीचा धरलेला सूर अचानक काढून घेतलाय आणि खाली नुसता श्वासासारखा एक आवाज उरतो. ती जागा मी तीनदा ऐकली. दोन्ही गोष्टी त्याला लिहिल्या. मार्चमधला अंगठा न ऐकता दिला होता, हेही लिहिलं.

बराच वेळ निळ्या टिक्स दिसत होत्या. मग उत्तर आलं.

‘तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं रे. तो आवाज म्हणजे भाता आहे. सूर न लावता नुसता हलवलाय.’